कोरो की ब्रँडन, हा वादच अपुरा आहे

खेळाडूंच्या अदलाबदलीचा काळ आला की गोव्यात एक प्रश्न हमखास वर येतो. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवा या फुटबॉल क्लबने आजवर केलेला सर्वोत्तम करार कोणता? प्रश्न चांगला आहे, वाद मात्र वाईट पद्धतीने चालतो. एक बाजू आकडा पुढे करते: फेरान कोरोमिनास, ५७ सामन्यांत ४८ गोल, लागोपाठ दोन मोसम सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट, विषय संपला. दुसरी बाजू म्हणते, परदेशी येतात आणि जातात; मडगावचा ब्रँडन फर्नांडिस सात मोसम केशरी जर्सीत राहिला, कर्णधार झाला, तोच खरा. मग कोरोचे चाहते ब्रँडनचे गोल मोजतात, ब्रँडनचे चाहते कोरोचा पासपोर्ट काढतात. खरे तर दोघेही वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे देत असतात. सर्वात मोठा खेळाडू कोण, याचे उत्तर कोरो. सर्वात आपला कोण, याचे उत्तर ब्रँडन. करार कोणता सर्वोत्तम, हा तिसरा प्रश्न तसाच राहतो. माझे उत्तर अहमद जाहू. २०१७ मध्ये मोरोक्कोहून आलेला, तेव्हा २९ वर्षांचा, गोल क्वचितच करणारा आणि पिवळी कार्डे भरपूर घेणारा मध्यपटू. हे उत्तर दोन्ही बाजूंना आवडत नाही, आणि त्याची कारणे तपासण्यासारखी आहेत.

करार म्हणजे क्लबने एका ठराविक दिवशी घेतलेला निर्णय. त्या दिवशी संघात काय कमी होते, हाताशी किती पैसा होता, समोर कोणते पर्याय होते, यावरच तो तोलावा लागतो. इंडियन सुपर लीगमध्ये तर पगारापेक्षाही महाग अशी एक वस्तू खर्ची पडते: परदेशी खेळाडूची जागा. २०१४ मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा मैदानावर एकावेळी सहा परदेशी चालत. २०१७-१८ पासून पाच झाले आणि २०२१-२२ पासून चार. अशा नियमात प्रत्येक परदेशी करार म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी दिलेला नकार. म्हणून विचारायचे ते असे: त्या माणसाने जी जागा घेतली ती भारतीय खेळाडूने भरता आली असती का? त्याच्यामुळे बाकीच्या दहांचा खेळ वाढला का? आणि तो गेल्यावर काय झाले? शेवटचा प्रश्न सर्वात निष्ठुर आणि म्हणूनच सर्वात उपयोगाचा.

२०१७ च्या उन्हाळ्यात क्लबची स्थिती काय होती ते आठवा. २०१५ च्या अंतिम सामन्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध शेवटच्या क्षणांपर्यंत २-१ अशी आघाडी होती आणि सामना ३-२ असा हातचा गेला. पुढच्या मोसमात प्रशिक्षक झिकोचाच संघ तळाला राहिला. त्यानंतर सर्जिओ लोबेरा आला. बार्सिलोनाच्या मुशीत घडलेला, तिथे टिटो विलानोव्हाच्या हाताखाली काम केलेला प्रशिक्षक. त्याला चेंडू गोलरक्षकापासून पायापायाने पुढे न्यायचा होता. हे ऐकायला सोपे वाटते. भारतातल्या मैदानांवर, भारतीय लीगच्या गडबडीत, ते सर्वात धोक्याचे काम आहे, कारण मागे झालेली एक चूक थेट गोल असते.

ही पद्धत कशी चालते? गोल-किकच्या वेळी दोन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, पेनल्टी क्षेत्राच्या दोन कडांना सरकतात. दोन्ही फुल-बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, मैदानाच्या मध्यरेषेकडे चढतात. मधे जो खड्डा पडतो त्यात एक माणूस खाली उतरतो आणि पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू मागून घेतो. जाहूचे काम हेच. आता समोरच्या आघाडीपटूपुढे दोनच वाटा उरतात. तो जाहूच्या अंगावर धावला तर त्याच्या मागे दुसरा मध्यपटू एदू बेदिया मोकळा सापडतो. तो थांबला तर जाहूला मान वर करायला दोन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात चाळीस मीटरचा तिरका चेंडू डावीकडे मंदार राव देसाईच्या किंवा उजवीकडे जॅकीचंद सिंगच्या पुढ्यात पडतो. हा तिरका चेंडू टीव्हीवर फारसा भरत नाही. गोल होतो तो त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पासवर, आणि रीप्लेमध्ये तो चेंडू दिसतही नाही. पण समोरचा बचाव मुळात हलतो तो इथेच. फ्री-किक मिळाल्यावर पंचाची शिट्टी विरते न विरते तोच चेंडू खेळात टाकण्याची त्याची सवयही याच जातीची. समोरचे अकरा जण तोंडे फिरवून जागा शोधत असतात आणि गोवा पुढे निघालेला असतो.

त्याचे दुसरे काम तर त्याहून अदृश्य होते. फुल-बॅक इतके वर चढले की त्यांच्या मागे ओसाड पट्टा राहतो. चेंडू गमावला की प्रतिस्पर्धी तिथेच पहिला पास टाकतो. तो पास अडवायचा, जमले नाही तर माणूस अडवायचा. जाहूच्या कार्डांतली कितीतरी याच कामाची आहेत. घुमट आरतीत लोकांच्या लक्षात गाणाऱ्याचा आवाज राहतो, पण ठेका शामेळ हे साथीचे तालवाद्य वाजवणारा धरून ठेवतो. तो चुकला की सगळ्यांचाच सूर सुटतो. मंदार राव देसाई मूळचा डावा विंगर. लोबेराने त्याला फुल-बॅक केले आणि २०१९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याला भारतीय संघाचे दार उघडले. उजवीकडे सेरिटन फर्नांडिसनेही असेच नाव कमावले. दोघांच्या कष्टाचे श्रेय त्यांचेच आहे. तरीही विचारा, मागे पट्टा राखणारा कुणी नसता तर बचावपटूने प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत धावायची परवानगी कोणत्या प्रशिक्षकाने दिली असती? एका परदेशी जागेने दोन गोमंतकीय बचावपटूंना आक्रमक बनवले, हा हिशेब गोलांच्या तक्त्यात कुठे लिहायचा?

आता कोरोच्या बाजूचे जे खरे आहे ते पूर्ण मान्य करूया, कारण ते थोडेथोडके नाही. एस्पान्योलकडून स्पेनच्या वरच्या लीगमध्ये खेळलेला हा माणूस गोव्यात आला तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्या वयात भारतात येणारे बहुतेक जण नाव विकायला येतात. हा काम करायला आला. पहिल्याच मोसमात बेंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्सविरुद्ध लागोपाठ हॅटट्रिक. २०१७-१८ मध्ये १८ गोल, पुढच्या मोसमात १६, त्यापुढच्यात १४. २०१९ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनविरुद्ध त्याचा गोल, दुसरा ब्रँडनचा, आणि क्लबची पहिली मोठी ट्रॉफी. वय वाढत असताना धाव कमी आणि जागा अचूक, हे त्याने आमच्या पोरांना शिकवले. एवढ्या कमी मोबदल्यात इतके गोल कुठल्या भारतीय क्लबला मिळाले, असे कुणी विचारले तर वाद घालण्यात अर्थ नाही. एफसी गोवाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू तोच.

पण तो गेल्यावर काय झाले? २०२० मध्ये कोरो गेला आणि त्याच्या जागी इगोर आंगुलो आला. आंगुलोने पहिल्याच मोसमात १४ गोल केले आणि गोल्डन बूट नेला. कोरोचे शेवटच्या मोसमातले गोल १४, आंगुलोचे १४. म्हणजे आघाडीच्या त्या जागेचे उत्पन्न एका गोलानेही घटले नाही. त्याआधीही असेच घडले होते. २०१७-१८ मध्ये मान्युएल लान्झारोतेने १३ गोल केले, कोरोसोबत त्याची जोडी लीगमध्ये सर्वात धोक्याची होती. तो कोलकात्याला गेला तेव्हा गोव्याची आघाडी मोडली असे सगळ्यांना वाटले. त्याच्याशिवायच्या पुढच्याच मोसमात संघ दुसऱ्या क्रमांकावर आला आणि अंतिम सामना खेळला. चांगला आघाडीपटू शोधणे सोपे असते असे मी म्हणत नाही. आंगुलोही उत्तम होता. पण गोल करणाऱ्याची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा भरून निघाली, ही गोष्ट ‘कोरो नसता तर काहीच नसते’ या दाव्याला मोठे भगदाड पाडते.

गोव्याचा जुना इतिहासही तेच सांगतो, आणि तो विसरून हा वाद चालावा याचे वाईट वाटते. गोव्याच्या धेंपो क्लबचा आघाडीपटू रँटी मार्टिन्स आठवा. २०१०-११ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगमध्ये, त्याने ३० गोल केले. त्या वर्षीचे विजेतेपद साळगावकरने नेले. २०११-१२ मध्ये ३२ गोल, आणि तेव्हा धेंपो विजेता. पुढच्या मोसमात तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडला गेला, तिथेही २६ गोल करून पहिला आला, विजेतेपद मात्र चर्चिल ब्रदर्सचे. चर्चिलच्या ओडाफा ओकोलीचेही तसेच. २००७-०८ मध्ये २२ गोल, २००८-०९ मध्ये २६, २००९-१० मध्ये पुन्हा २२. तीन मोसम लागोपाठ लीगमध्ये पहिला. चर्चिलला विजेतेपद मिळाले ते मधल्या एका मोसमात. आधीचे आणि नंतरचे दोन्ही धेंपोने घेतले. ओडाफा मग मोहन बागानला गेला आणि तिथे आय-लीग जिंकू शकला नाही. गोल माणसाबरोबर गेले, विजेतेपदे गेली नाहीत. प्रशिक्षक अरमांडो कुलासोंच्या धेंपोने राष्ट्रीय पातळीवर पाच विजेतेपदे मिळवली त्यात रँटी होता, हे खरेच. त्याच्या मागे क्लायमॅक्स लॉरेन्स होता, बेटो होता, क्लिफर्ड मिरांडा होता, समीर नाईक आणि महेश गवळी होते, हेही तितकेच खरे. त्या मधल्या आणि मागच्या फळीच्या करारांवर कुणी कधी वाद घातला का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो बळकट आहे. रँटी गेल्यानंतर धेंपोला पुन्हा लीग जिंकता आली नाही. मग आघाडीपटूच निर्णायक नव्हता का? पण त्याच सुमारास कुलासोंचा दीर्घ काळ संपला, तोच गाभा वयाने थकला, आणि २०१२ च्या खाणबंदीने खाण उद्योगावर उभ्या असलेल्या क्लबांच्या पायाखालची जमीन हलवली. एवढ्या सगळ्या गोष्टी एकदम घडल्यावर दोष एकाच्या जाण्याला देणे सोयीचे आहे, पटण्यासारखे नाही.

हीच हरकत माझ्या दाव्यालाही लागू होते, हे लपवण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये जाहू एकटा गेला नाही. बचावपटू मुर्तदा फॉल, आक्रमक मध्यपटू ह्युगो बुमूस, मंदार आणि खुद्द लोबेरा असे सगळेच मुंबई सिटीला गेले. आधीच्या मोसमात पाचव्या क्रमांकावर राहिलेल्या मुंबईने २०२०-२१ मध्ये साखळीत अव्वल येणाऱ्या संघाची लीग शील्ड आणि अंतिम सामन्याचे विजेतेपद दोन्ही उचलले. मग श्रेय जाहूचेच कशावरून? लोबेराचे का नाही?

लोबेरापासून सुरू करू. २०२० च्या जानेवारीअखेर क्लबने त्याला काढले तेव्हा संघ अव्वल स्थानी होता आणि साखळीचे तीन सामने उरले होते. धेंपोचा तोच क्लिफर्ड मिरांडा, त्याने प्रशिक्षकपदाची सूत्रे घेतली. हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबईविरुद्ध ५-२, जमशेदपूरमध्ये ५-०. तीन सामने, तीन विजय, १४ गोल. शील्ड त्यातूनच आली आणि गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. यंत्र बांधले लोबेराने, यात शंका नाही. पण ते चालवणारा माणूस मैदानात होता आणि बाकावरचा माणूस बदलला तरी ते चालत राहिले. पुढे मुंबईत लोबेरा एकच मोसम राहिला. २०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅमच्या हाताखाली मुंबईने पुन्हा शील्ड जिंकली तेव्हाही मधल्या फळीत जाहू होता. चार मोसमांत तीन शील्ड, दोन क्लब, तीन प्रशिक्षक. प्रत्येक वेळी संघात असलेली दोन परदेशी नावे: जाहू आणि फॉल.

मग फॉल का नको? त्याची उंची, कॉर्नरवरचे त्याचे हेडर आणि त्याची शिस्त यांना मी मानतो. माझ्या यादीत तो वरचाच आहे. फरक इतकाच की फॉल २०१८ मध्ये आला. त्याच्याआधीच्या मोसमात, बचाव गळका असतानाही, गोव्याने साखळीत ४२ गोल केले होते आणि तळाचा संघ तिसरा आला होता. चेंडू मागून पुढे नेण्याचा मार्ग तयार झाला तो तेव्हाच. फॉलने घर भक्कम केले. उभे राहिले ते आधी.

बुमूसची बाजू मला सर्वात अवघड वाटते. २०१९-२० मध्ये ११ गोल, १० असिस्ट (गोल घडवणारे पास), लीगचा सर्वोत्तम खेळाडू. शिवाय मुंबईने त्याच्या करारात लिहिलेली सुटकेची रक्कम भरून त्याला नेले, म्हणजे जाताना तो क्लबच्या तिजोरीत भर टाकून गेला. भारतीय फुटबॉलमध्ये हे क्वचित घडते आणि त्याचे कारण समजून घ्यायला हवे. आपल्याकडे बहुतेक करार एक-दोन मोसमांचे असतात. फिफाच्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी करून करार करू शकतो, आणि मुदत संपली की जुन्या क्लबला एक पैसा मिळत नाही. म्हणजे एका मोसमाचा करार केला तर अर्धा मोसम सरताच खेळाडू बाजारात मोकळा. सुटकेची रक्कम लिहायची तर करार लांब हवा, आणि लांब करारात खेळाडू दुखापतीने बसला तर पगार क्लबच्या गळ्यात. हा धोका घेतला म्हणून बुमूसच्या बाबतीत पैसा आला. व्यवहार म्हणून हा करार क्लबच्या कागदपत्रांत आदर्श ठरावा.

शिवाय आकडे त्याच्या बाजूने बोलतात. २०१९-२० मध्ये गोव्याने १८ सामन्यांत ४६ गोल केले. पुढच्या मोसमात २० सामन्यांत ३१. पंधरा गोलांची तूट, आणि त्यातले ११ बुमूसचे. जाहूच्या समर्थकाने याचे उत्तर द्यायलाच हवे. माझे उत्तर त्या मोसमातल्या दुसऱ्या आकड्यात आहे: ७ विजय, ३ पराभव, १० बरोबरी. हा संघ हरत नव्हता. आंगुलो गोल करत होता. पण आघाडी घेतल्यावर सामना आपल्या चालीने संपवणे त्याला जमत नव्हते. आधीच्या मोसमात १८ सामन्यांत फक्त ३ बरोबरी होत्या. गोल करणारा कमी पडला की संघ हरतो किंवा शून्यावर अडतो. सामन्याची लय सांभाळणारा कमी पडला की जिंकत आलेले सामने निसटतात. त्या वर्षी आम्ही हे दुसरे दुखणे पाहिले. त्यातही क्लबने परदेशी जागा कशा वापरल्या ते बघा: आंगुलो, ओर्तिझ, नोगेरा हे तिघे पुढचे, गोन्झालेझ आणि डोनाची हे दोघे मागचे, आणि मधे एकटा बेदिया, जो मुळात पुढे सरकून खेळणारा. पहिली पायरी बांधणारा माणूस आणलाच नाही. कारण बाजारात गोलांची संख्या दिसते, ती पायरी दिसत नाही.

आता ब्रँडनकडे. त्याच्या बाजूचा उत्तम युक्तिवाद भावनेचा नाही, जागेचा आहे. तो भारतीय, म्हणून परदेशी जागा खर्च झाली नाही. सेट-पीसवरचा, म्हणजे कॉर्नर आणि फ्री-किकवरचा, त्याचा उजवा पाय असा की त्या दर्जाचा परदेशी आणायचा तर एक जागा जाते. दुखापतीतून सावरत असलेल्या पोरावर क्लबने २०१७ मध्ये विश्वास टाकला आणि त्याने तो सात मोसम फेडला. नियम कडक होत गेले तसा असा भारतीय खेळाडू अधिकाधिक मोलाचा झाला. हे सगळे मान्य. तरीही ब्रँडन संघात असताना गोवा पहिलाही आला आणि २०२१-२२ मध्ये नववाही आला. त्या मोसमात प्रशिक्षक हुआन फेरांडो अर्ध्यावर सोडून कोलकात्याला गेला, डेरिक परेरांनी सावरायचा प्रयत्न केला; दोष ब्रँडनचा नव्हता. पण ब्रँडनचा खेळ चेंडू त्याच्यापर्यंत पोचण्यावर अवलंबून आहे, हे त्या मोसमाने दाखवले.

राहिला ‘आपला’ हा मुद्दा. तो मला जवळचा आहे आणि म्हणूनच त्याचा गैरवापर खटकतो. खाण कंपन्यांच्या काळात धेंपो, साळगावकर, सेझा यांच्याकडे खेळाडूशी करार म्हणजे नोकरीही असे. मैदानावरून उतरल्यावर मासिक पगाराची हमी. त्यामुळे खेळाडू क्लबबरोबर वाढे. साळगावकरच्या गोलपोस्टमध्ये उभा राहून ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कर्णधार झाला. ब्रूनो कुतिन्होच्या साळगावकरने १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. त्या परंपरेत घरचा खेळाडू घेणे म्हणजे त्याला घडवण्याची जबाबदारी घेणे होते. आज जर ‘आपला’ म्हणायचे असेल तर त्याच कसोटीवर म्हणा. शेतातल्या काढणीनंतरच्या मैदानांवर, गावागावांच्या स्पर्धांत घडलेला मुलगा क्लबने उचलला, त्याला मोसमभर खेळवले, त्याचे दुखणे सोसले, असे म्हणा. जन्मगाव मडगाव आहे, हे क्लबच्या शहाणपणाचे लक्षण नाही. आणि मोरोक्कोच्या माणसामुळे मंदार आणि सेरिटन फुलले असतील, तर त्या करारालाही गोव्याच्या हिताचे माप लावायला काय हरकत आहे?

जाहूचे दोष मोठे होते आणि ते सांगितल्याशिवाय हा दावा प्रामाणिक राहत नाही. १७ मार्च २०१९, मुंबई, बेंगळुरूविरुद्धचा अंतिम सामना. निर्धारित वेळेत गोल नाही. अतिरिक्त वेळेचा पहिला भाग संपता संपता जाहूला दुसरे पिवळे कार्ड आणि बाहेर. दहा जणांनी किल्ला लढवला, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचे हेडर, सामना गेला. या एका संध्याकाळसाठी त्याला कधीच माफ न करणारे लोक आहेत आणि त्यांचा राग समजतो. अशा खेळाडूबरोबर करार करताना त्याच्या जागेवर खेळू शकणारा भारतीय मध्यपटू तयार ठेवणे आणि पिवळे कार्ड मिळाल्यावर त्याला पुढे ढकलून दुसऱ्याला मागे उतरवणे, ही दोन्ही कामे प्रशिक्षकाची आणि क्लबची. ती झाली नाहीत. शिवाय जाहू म्हणजे हमखास विजय असेही नाही. २०२१-२२ मध्ये तो असूनही मुंबई पाचवी आली. एक माणूस लीग जिंकून देतो असे माझे म्हणणे कधीच नव्हते. माझे म्हणणे इतकेच की त्याच्या जागेने बाकीच्यांना जे दिले ते दुसऱ्या कोणत्याही एका कराराने दिले नाही, आणि ती जागा रिकामी झाल्यावर क्लबला ती वर्षानुवर्षे भरता आली नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने फातोर्ड्यावर झाले. अल रय्यान आणि अल वाहदाला गोलशून्य बरोबरीत रोखले, पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने गोल केला, धीरज सिंगने गोलपोस्टमध्ये कमाल केली. अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी. पण ज्यांनी ते तिकीट मिळवले होते त्यातले कोरो, बुमूस, फॉल, मंदार आणि जाहू यांपैकी कुणीही त्या मैदानावर नव्हते. सहा सामन्यांत दोन गोल. बचाव लढला, चेंडू हातात आल्यावर तो शांतपणे पुढे नेणारा पाय दिसला नाही, आणि मिनिटागणिक चेंडू पुन्हा आमच्याच पेनल्टी क्षेत्राकडे परतत राहिला.

त्यानंतर क्लब सावरला. २०२१ चा ड्युरँड कप बेदियाच्या फ्री-किकवर आला, मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप आला, त्यात बोर्हा हेरेराचे दोन गोल होते. आज त्याचेही नाव या वादात घेतले जाते. घ्यावे, पण अंतिम सामन्यातल्या दोन गोलांवर नको. मैदानावर चारच परदेशी चालत असताना क्लब त्यातली एक जागा मधल्या फळीला देतो की चारही जागा गोल आणि बचाव यांच्यात वाटून टाकतो, हे दर जूनमध्ये बघायला हवे. नवा खेळाडू आला की त्याच्या गोलांची चित्रफीत पाहण्याआधी त्याच्या जुन्या क्लबचा एक संपूर्ण सामना लावा आणि गोल-किकपासून पहिले तीन पास कुणाच्या पायातून जातात ते बघा. तो माणूस दबावाखाली पाठ वळवून चेंडू घेतो का, पहिल्या स्पर्शाने चेंडू उघड्या बाजूला नेतो का, फुल-बॅक वर गेल्यावर मागे वळून बघतो का, आणि साठाव्या मिनिटाला पिवळे कार्ड असताना पाय आखडता घेतो का. जाहूला पहिली तीन उत्तरे पाठ होती. चौथे कधीच जमले नाही.